पूर्वतयारी अपुरी

नकाशा मंजूर झाला की सरांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती, खिडकीकडची खोली मिळणार होती, आणि आजवर त्यांच्याकडे न बघता पुढे जाणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांच्या दारावर टकटक करावी लागणार होती. घालवायचं काय, तर काहीच नाही. असा सौदा कोण सोडतो?

नकाशा भौतिकशास्त्राचा. नवख्यांनी घरबसल्या, शिक्षकाविना शिकावं म्हणून सरांनी प्रत्येक संकल्पनेला स्क्रीनवर एक चौकोन दिला होता आणि चौकोन बाणांनी जोडले होते. वेग आला की त्वरण उघडायचं, त्वरण आलं की बल, बल आलं की संवेग. आधीचं जमल्याशिवाय पुढचं कुलूप निघायचं नाही. घाई करणाऱ्याला सिस्टिम सुनावायची, 'तुमची पूर्वतयारी अपुरी आहे. मागे जा.' हे वाक्य खुद्द सरांचं. त्यांचं फार लाडकं.

नकाशा मंजूर करणाऱ्या समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले होते, "बलाची खरी व्याख्या संवेगातून येते. तुमच्या नकाशात ते कुठं दिसत नाही."

"दिसेल की, साहेब!" म्हणत सरांनी सगळ्यांदेखत संवेगाकडून बलाकडे बाण ओढला. साहेब खूश. आधीचा उलटा बाण पुसायचं मात्र त्या आनंदात राहून गेलं.

मग नकाशाची चाचणी झाली. झाडून सगळे विद्यार्थी त्वरणापर्यंत आले आणि थांबले. सरांनी अहवालात लिहिलं, 'विद्यार्थ्यांत चिकाटीचा अभाव.' समितीने माना डोलावल्या. पोरांच्या आळसावर कुणाचाही चटकन विश्वास बसतो.

त्या विद्यार्थ्यांत सरांची धाकटी बहीणही होती. शिक्षण अर्धवट टाकून संसारात पडलेली. आता एक्स-रे तंत्रज्ञाच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं तिने मनावर घेतलं होतं. सर तिच्याकडे गेले तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि लॅपटॉप त्या ढिगाखाली गेला होता.

"काय गं, अभ्यास?"

"सोडला, दादा. फॉर्मची तारीखही काल गेली, आता थेट पुढच्या वर्षी. डोक्याला गंज चढलाय माझ्या. सासूबाई म्हणतच होत्या, या वयात कशाला नसते उद्योग!"

"उघड बघू."

सर आजवर नकाशात शिरायचे ते शिक्षकाच्या लॉगिनने, आणि शिक्षकाला कुलपं नसतात. आता बहिणीच्या लॉगिनने त्यांनी बलाचा चौकोन दाबला. 'पूर्वतयारी अपुरी आहे. मागे जा.' संवेगाचा दाबला. तेच. बल उघडायला संवेग हवा, संवेग उघडायला बल. पुसायचा राहिलेला बाण सरांना आठवला.

"बघितलंस? रोज असंच हाकलतं मला," ती हसली. "त्वरण इतक्यांदा केलं, की पोरं मला त्वरणताई म्हणायला लागली. पण तुझी लाज घालवली रे मी. एवढ्या शिकलेल्या भावाची बहीण, आणि बलापाशी घोडं अडलं!"

खरं काय ते सरांच्या ओठांपर्यंत आलं. पण परवा समितीची शेवटची सही होती.

"सिस्टिममध्येच जरा गडबड दिसते," ते म्हणाले.

"अगंबाई! म्हणजे माझं डोकं ठीक आहे?" तिच्या हातातली घडी सुटली. "कुणी केली रे गडबड?"

"असेल कुणीतरी."

"सापडला तर फार ओरडू नकोस हं त्याला. होतं माणसाकडून."

सर चहाला थांबले नाहीत. घरी जाऊन त्यांनी स्वतःचा जुना बाण गुपचूप पुसला, साहेबांचा ठेवला. अहवालाला हात लावला नाही. सही झाली.

तेव्हा हिशोब असा: साहेबांचा मान राहिला, सरांना खुर्ची मिळाली. खिडकीकडे तोंड करून बसलं की दारात कोण आलं ते बघावं लागत नाही, एवढी सोय झाली. आळशी म्हणून लिहिली गेलेली पोरं तशीच राहिली. आणि किंमत भरली बहिणीने, एक अख्खं वर्ष. वर त्या 'कुणीतरी'ला माफही करून टाकलं.