उंबऱ्यावरची तपासणी

"वास कधीपासून येत नाही तुम्हाला?" बीडच्या डॉक्टरांनी विचारलं. नवऱ्याच्या वतीनं उत्तर द्यायला सरस्वतीबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पंडितरावांना वास येत नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पंडितराव खाली बघत म्हणाले, "लई वर्सं झाली. दूध करपलं तरी कळत न्हाई."

सरस्वतीबाईंचा सगळा जीव अडकला होता तो नवऱ्याच्या तोंडात. उमापूरच्या सप्त्यात पंगतीला आमटी वाढायचा मान पंडितरावांचा. गेल्या खेपेला वाढताना त्यांचा हात थरथरला आणि पळीभर आमटी सरपंच गहिनीनाथांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर सांडली. "घिऊन आलास का बे?" एवढंच ते म्हणाले, पण अख्ख्या पंगतीनं ऐकलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी सरस्वतीबाई नवऱ्याला उंबऱ्यातच अडवून त्याचं तोंड हुंगत. दारूचा वास एकदाही आला नाही. पण तेवढ्यानं संशय फिटतो थोडाच! बडीशेप खाऊन आले असतील, असं म्हणत त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगायच्या. आणि तो भला माणूस मुकाट्यानं वाकायचा.

डॉक्टरांनी सांगितलं, हा कंपवात. यात पुष्कळदा हाताआधी नाक जातं. नाकातल्या जंतूंचा या रोगाशी संबंध असेल का, हे आता शोधतायत, पण अजून पक्कं काही नाही. गोळ्यांनी थरथर कमी होईल, रोग मात्र जाणार नाही.

"म्हंजी दारू न्हाई?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"नाही हो."

त्यांना इतकं हलकं वाटलं, की एवढा रोग निघाल्याचं वाईट वाटायचंही राहून गेलं. एसटीत शेजारच्या अनोळखी बाईलाही त्यांनी ऐकवलं, की यांच्या नाकातून जंतू शिरले, तोंडातून काहीसुद्धा गेलं नाही. डॉक्टरांचं 'अजून पक्कं नाही' त्या बीडच्या स्टँडवरच विसरून आल्या होत्या. गहिनीनाथांना कधी एकदा सांगते, असं त्यांना झालं होतं.

गाव जवळ आलं तसा त्यांचा आवाज उतरला. "मंग येवढे दिस गप कावून हुंगू दिलं मला?"

पंडितराव म्हणाले, "मला वासच येत न्हवता. कुनी चहात दारू घालून पाजली आसंल, तर तुला तरी कळंल, आसं वाटायचं."

सरस्वतीबाईंना स्वतःचीच फार लाज वाटली.

घरी पोचल्यावर कुलूप काढून त्या आत गेल्या आणि दिवा लावून वळल्या. पंडितराव चपला काढून उंबऱ्यातच थांबले होते. सवयीनं त्यांनी मान वाकवून तोंड पुढं केलं होतं.

सरस्वतीबाईंनी त्यांचा हात धरला. "या आत," म्हणाल्या. तो हात त्यांच्या हातातही थरथरतच राहिला.