सुईचा पाव फेरा

माघातली सकाळ. शिरोलीच्या पलीकडचा तो उजाड, विस्तीर्ण, तृणहीन माळ केशरी उन्हात न्हाऊन निघाला होता. अवतीभवती ऊस तुटून गेलेली ओकीबोकी रानं, दूर गुऱ्हाळाच्या चुलाणातून उठलेली एक संथ धूम्ररेषा, आणि हवेत काकवीचा गोड, दाट, गळ्याशी रेंगाळणारा वास. पूर्वी इथं मुरूम काढत. आता त्या जुन्या खाणीच्या रित्या पोटात तांबड्या मातीचे उंचवटे रचलेत, वळणं कापलीत, कडेनं सुतळी ओढलीय. वर्षातून एकदा इथं शर्यत भरते, रिमोटवरच्या गाड्यांची.

खेळणी म्हणू नका हं! त्या माळावर म्हणून बघा, मग कळेल. गुडघ्याला लागतील एवढाल्या त्या गाड्या. नारळाएवढी काळीभोर, दातेरी चाकं. पोटात मूठभर इंजिन आणि त्या मुठीत असा काही संताप, की उंचवट्यावरून उडालेली गाडी आभाळात क्षणभर अधांतरी थांबावी, आणि धप्पकन कोसळून, धूळ उधळत पुन्हा पळत सुटावी. मॉन्स्टर ट्रक म्हणतात तिला. ज्यानं एकदा ती आपल्या हातानं बांधली, तो माणूस कामातून गेला.

वृषाली लोहार अशीच कामातून गेलेली होती. उद्यमनगरातल्या वडिलांच्या लेथवर तिनं सबंध पावसाळा ही गाडी बांधली होती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून सांगाडा कापला, कानस मारून मारून त्याच्या कडा गुळगुळीत केल्या. शॉकअपमधलं तेल कधी पातळ करून पाहिलं, कधी दाट. पातळ झालं की गाडी बेडकासारखी उड्या मारायची, दाट झालं की कंबर धरल्यासारखी चालायची. पुन्हा खोला, पुन्हा भरा, पुन्हा पळवा. नखांत काळ्या रेघा, ओढणीला ग्रीसचे डाग. "अगं, या हातांवर मेंदी तरी चढंल का?" आत्या विचारायची. वृषाली हसायची आणि पान्हा फिरवायची. शेवटी गाडीला तिनं गर्द जांभळा रंग दिला, उन्हात धरला की निळा दिसणारा.

पण गाडी बांधणं वेगळं आणि गाडी लावणं वेगळं. तंबोरा लावतात ना, तशी ती लावावी लागते. इंजिनाच्या कुशीत एक पितळी सुई असते. आत फिरवली की इंधन आटतं, आवाज चढतो, गाडी पेटून उठते. बाहेर फिरवली की इंधन वाढतं, आवाज घोगरा होतो, गाडी सुस्तावते. आता किती आत नि किती बाहेर? सगळी मेख तिथंच! जरा जास्त आत गेली की इंजिन फार गोड गाऊ लागतं. तेजाळतं, तळपतं, आणि भर तानेत, इंधनातून मिळणाऱ्या तेलाविना तापून, जागच्या जागी जखडतं. त्याचा सगळ्यांत सुरेल आवाज मरणाच्या जरासा आधीचा असतो. एकदा जखडलं की ते भंगारातच.

ती सुई लावावी तर केरबा वस्तादांनी. वस्ताद हा किताब खरा तालमीतला, पण या माळानं तो वृषालीच्या वडिलांना, आबांना, बहाल केला होता. डोळे मिटायचे, मान किंचित कलती करायची, चिमुकला स्क्रू-ड्रायव्हर सुईवर टेकवायचा, आणि आसमंतातलं सगळं विसरून फक्त ऐकायचं. कुणी तापमान मोजायचं पिस्तूल पुढं केलं, तर "मला ताप आला की लाव," म्हणायचे. धूर बघून सुई लावणाऱ्यांची तर ते फिरकीच घ्यायचे. "धूर वाऱ्यानं फसतो रे. आवाज फसत नाही." सांगलीची असो, निपाणीची असो, गाडी आबांच्या कानांवरून गेल्याशिवाय मैदानात उतरत नसे. आणि घरच्या गाडीच्या सुईला आबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा लोहारांच्या घरचा कायदा होता.

त्या सकाळी आबा गुडघे टेकून बसले. जांभळी गाडी लाकडी ठोकळ्यावर चढवलेली, चाकं अधांतरी फिरणारी. वृषालीनं रिमोटचा चाप ओढला. इंजिन फुरफुरलं, गुरगुरलं, चढू लागलं. आबांनी सुई आत घेतली. आवाज चढला, लखलखीत, निखळ, उन्हाच्या तिरिपेसारखा सरळ. बस्स, लागली, असं वृषालीच्या मनानं म्हटलं, तोच आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अजून घोगरीच हाय," ते पुटपुटले, आणि सुई पुन्हा आत.

घोगरी? वृषालीला आपल्याच कानांची शंका आली. आबा चुकतील? छे! सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ. पण इंजिन थांबल्यावर तिनं बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्याच्या माथ्यावर सोडला. नीट लागलेल्या इंजिनावर थेंब चुरचुरतो, जरा नाचतो, मग आटतो. हा थेंब टेकला आणि नाहीसा झाला. नाचायलासुद्धा थांबला नाही.

आणि मग ती परवाची गोष्ट तिच्या अंगावर धावून आली. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या, भात करपायला आला होता, आणि आबा त्याच ओट्याशी निवांत लसूण सोलत बसले होते. तंद्री लागली असेल, असं ती तेव्हा म्हणाली होती. तंद्री नव्हती ती. माणसांचं बोलणं आबांना ऐकू यायचं, जाडेभरडे आवाज यायचे. पण वरचे, टोकाचे, तळपते सूर त्यांच्या कानांतून केव्हाच उठून गेले होते, न सांगता, न सवरता. म्हणून ते सुई आत, आणखी आत घेत होते. जो सूर समोर येऊन उभा होता, त्याचीच ते वाट बघत होते.

तिनं गाडी उचलली, टेम्पोच्या आडोशाला नेली. इकडं तिकडं पाहिलं. सुई पाव फेरा मागं घेतली. फक्त पाव फेरा! पण आपण बापाच्या खिशात हात घातला, असं तिला वाटलं. तिनं ओढणीनं घाम पुसला आणि गाडी मैदानात उतरवली.

आणि काय पळाली म्हणता ती गाडी! जांभळी, निळी, पुन्हा जांभळी. तांबड्या धुळीतून उसळणारी, वळणावर एका कुशीवर झुकणारी, उंचवट्यावरून आभाळात जाणारी आणि मांजरीसारखी चार पायांवर उतरणारी. बाकीच्या गाड्या मागं धूळ खात राहिल्या. वृषाली फायनलला गेली. माळ टाळ्यांनी दणाणला.

आबा धावतच आले. डोळे भरून आलेले, टोपी हातात.

"ऐकलास का सूर? ह्याला म्हणायचं लावणं!" त्यांनी तिचा चेहरा आपल्या तळव्यांत धरला. "कान आजूनबी खणखणीत हाईत तुझ्या बापाचे."

"व्हय आबा," वृषाली म्हणाली. ती हसली. तिला रडायचं होतं, मोठ्यानं, लहान पोरीसारखं, पण ती हसली.

दुपार झाली. ऊन पांढरं पडलं, सावल्या पायांशी गोळा झाल्या, गुऱ्हाळाचा धूर वाऱ्याअभावी जागीच खिळून राहिला. वृषालीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसली. कारण पुढं काय वाढून ठेवलंय ते तिला ठाऊक होतं.

या माळाची एक रीत आहे. कुस्तीच्या आधी पैलवान एकमेकांच्या अंगावर तांबडी माती टाकतात, त्याच इमानातली. फायनलला उतरणाऱ्या दोन्ही गाड्या वस्तादांनीच लावायच्या. शेजारी शेजारी, सगळ्यांच्या देखत. म्हणजे हरणाऱ्यानं इंजिनाला बोल लावायचा नाही आणि जिंकणाऱ्यानं मिजास करायची नाही. केरबा वस्तादांनी प्रतिस्पर्ध्याची गाडी आपल्या लेकीच्या गाडीइतकीच जीव ओतून लावली, याच्या गोष्टी बेळगावापर्यंत सांगितल्या जात.

प्रतिस्पर्धी होता मिरजेचा नियाज. तंबोऱ्याचे भोपळे कोरणाऱ्या घरातला. बोलायला मऊ, हाताचा सुबक. त्याची शुभ्र, सडसडीत गाडी त्यानं सतार जपावी तशी गोधडीत गुंडाळून आणली होती. तिच्या पोटातलं इंजिन आता कुठं बनतच नव्हतं. जुन्या भंगारातून सुटे भाग वेचून त्यानं ते जिवंत केलं होतं. त्यानं गाडी आबांपुढं ठेवली, वाकून पायांना हात लावला.

"वस्ताद, तुमच्या मनासारखी लावा."

आबांनी डोळे मिटले. मान कलती केली. नियाजनं चाप ओढला, आणि त्या शुभ्र गाडीतून आवाज निघाला. आधी कापसासारखा, मग रेशमासारखा. सुई आत गेली. आवाज चढला. भोवती माणसं दाटीनं उभी होती, सगळ्यांच्या नजरा त्या एका हातावर.

वृषाली रिमोट छातीशी धरून उभी होती. गप्प बसायचं, एवढंच तर होतं! गप्प बसली की नियाजची गाडी दोन फेऱ्यांत जखडणार; आपली गाडी ती उतरवताना पुन्हा गुपचूप पाव फेरा मागं घेणार. कप तिचा. सगळ्या पावसाळ्याचं चीज. आबांचा किताब शाबूत, आबांची मान ताठ, आणि दोष त्या जुनाट इंजिनाच्या माथी. बोलली, तर भर माळावर, माणसांच्या गराड्यात, ज्या कानांवर तो माणूस जगत आला तेच तिनं त्याच्यापासून हिसकून घ्यायचे. कसली ही निवड! तिला आबांचा राग आला, नियाजचा आला, स्वतःचा तर भयंकर आला. सकाळीच सांगितलं असतं, टेम्पोच्या आडोशाला, दोघंच असताना, तर काय बिघडलं असतं?

आवाज चढत होता.

नियाजच्या भुवया किंचित उचलल्या गेल्या. तंबोऱ्याच्या घरातला कान तो, त्याला कळलं नसतं तरच नवल. त्यानं वस्तादांकडं पाहिलं, मग वृषालीकडं. त्याच्या डोळ्यांत प्रश्न होता, काकुळती होती. आपली गाडी डोळ्यांदेखत जळतेय आणि हा पोरगा अदबीनं उभा. वस्तादांच्या हाताला अडवायचं कुणी? इथं अडवणारं एकच माणूस होतं.

"आबा, बस्स," वृषाली म्हणाली.

"आं?"

"लागली आबा, पुरे!"

"थांब गं. घोगरी हाय आजून." डोळे मिटलेलेच. चेहऱ्यावर एक शांत, समाधिस्थ, आशाळभूत हसू. आता येईल तो सूर, आत्ता येईल.

आणि सुई आत गेली. आवाज चढला, शुभ्र झाला, पारदर्शी झाला, काचेच्या टोकासारखा बारीक झाला. माळावरच्या प्रत्येक कानात तो शिरला, प्रत्येकाच्या दातांत शिरशिरला. त्या आवाजाच्याही वर, सगळा जीव गळ्यात आणून, वृषाली ओरडली,

"आबा, तुम्हाला ऐकू येत नाही!"

आणि तिचं वाक्य पुरं होण्याआधीच इंजिन जखडलं.

तान मध्येच खुडली गेली. चाकं थबकली. अवघा माळ एका क्षणात मुका झाला, आणि त्या अफाट, स्वच्छ, निर्दय शांततेत तिचे शब्द तेवढे घुमत राहिले. खाणीच्या भिंतीवर आपटले, परत आले, माणसांमधून फिरले. लांब चहाच्या गाड्यावरच्या लोकांनीसुद्धा ते ऐकले. आबांनीही ऐकले.

जळक्या धातूचा वास हळूहळू पसरला. शब्द परत गिळता आले असते तर वृषालीनं ते मातीसकट गिळले असते.

"वस्ताद, इंजिन जुनंच होतं हो," नियाज हलक्या आवाजात म्हणाला. आबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी गाडीच्या तापल्या माथ्यावर तळवा ठेवला आणि चटका बसला तरी ठेवूनच दिला. वृषालीनं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं, हात अलगद बाजूला घेतला.

"सकाळची गाडी?" आबांनी विचारलं.

"मी लावली, आबा. तुमच्या माघारी. पाव फेरा मागं घेतली."

आबांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. असता तर तिला सोसला असता. यात्रेत हात सुटलेल्या लेकरासारखी ती नजर माणसामाणसांवरून फिरली आणि पुन्हा तिच्याशीच येऊन थांबली.

"मग सकाळी मी जे ऐकलं," त्यांनी हळूच विचारलं, "ते काय व्हतं गं?"

पंचांनी विजेती म्हणून वृषालीचं नाव पुकारायला कर्णा तोंडाशी नेला. तिनं हातानंच नको म्हटलं. रिमोट मातीत ठेवला आणि ती आबांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, तशीच खाली बसली. तिला तो कप नको होता. तिला फक्त कालचा दिवस परत हवा होता.

उन्हं कलली. माळावर धूळ निवत चालली, तांबडी, तलम, संथ. तेवढ्यात खाणीच्या कडेवरून एक टिटवी उठली, आणि सगळा माळ चिरत, ओरडत, ओरडत, ओरडत त्यांच्या डोक्यांवरून गेली. लोकांच्या माना वर झाल्या. नियाजची झाली, वृषालीची झाली.

आबांनी आधी त्या वर झालेल्या माना पाहिल्या. मग त्यांनीही, हळूच, मान वर केली.