पिकअपमागची रिंग

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत बास्केटबॉलचं मैदान आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, कारण ते अर्धंच खरं आहे. सिमेंटचं मैदान पूर्ण आहे, दोन्ही टोकांना खांब आहेत, दोन्ही खांबांना रिंगा आहेत. पण देवळाकडच्या अर्ध्यात मला आठवतंय तेव्हापासून गाड्याच लागतात. जयरामकाकांची पांढरी कार, कॉलनीतल्या झाडून साऱ्या स्कूटर, आणि त्या रिंगच्या बरोबर खाली आमचा पिकअप. नाना, म्हणजे माझे वडील, सायखेड्याहून भाजी भरून मार्केटला नेतात आणि दुपारी पिकअप तिथे आणून लावतात. रिंगमागच्या बोर्डाची सावली पडते म्हणे. बोर्ड केवढा, पिकअप केवढा! पण कारभारी नावाच्या माणसाशी कोण वाद घालणार?

तर उरलेल्या अर्ध्यात आम्ही मुली खेळायचो. एकाच रिंगवर, वर्षानुवर्षं. आणि त्या रिंगवर मी बाप होते हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायचं तर आधी शुभांगीचं नाव घेईल. शुभांगी माझी मैत्रीण, चेंडू हातात खेळवत आणण्यात पटाईत. ती आणायची, मी टाकायचे. आमचे जुने कोच रविराज सर खुर्चीत बसून "टाक गं चैताली, टाक!" एवढंच ओरडायचे, आणि तेवढं पुरायचं.

मॅचला आम्ही नानांच्या पिकअपमधूनच जायचो. येताना नियम ठरलेला होता: जिने सर्वांत जास्त बास्केट टाकली ती पुढे, नानांच्या शेजारी. बाकीच्या मागे, क्रेटवर, मेथीच्या वासात. मी कायम पुढेच बसले आहे. हरलो तरी नाना खूश असायचे. "संघ हारला तर हारला, माझ्या पोरीनं टाकली ना!" असं ते सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यालाही सांगायचे.

आणि हरायचो मात्र आम्ही बरेचदा. विशेषतः कॉलेज रोडच्या संघाकडून. त्यांची दिशा नावाची मुलगी होती, उंच, हरणासारखी पळणारी. आम्ही बास्केट टाकून एकमेकींना टाळ्या देत असायचो, तोवर ती पलीकडे जाऊन आमच्यावर टाकून मोकळी.

मग रविराज सरांची पुण्याला बदली झाली आणि अलिशा मॅडम आल्या. जुन्या नाशकातल्या. कधीकाळी राज्याकडून खेळलेल्या, गुडघ्याला पट्टा, आवाज असा की देवळातली घंटा परवडली. त्यांनी आमची एक मॅच बघितली आणि आम्हाला विचारलं, "बास्केट टाकल्यावर तुम्ही परत का येत नाही? तिथेच काय उभ्या राहता?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्या मैदानावर आल्या. त्यांनी पिकअपकडे बघितलं, स्कूटरकडे बघितलं, कारभोवती एक फेरी मारली.

"कळलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला परत यायला जागाच नाहीये."

त्यांनी सगळे चेंडू गोळा केले आणि नेऊन कॉलनीच्या ऑफिसात कुलपात ठेवले. "आजपासून डिफेन्स. आधी अडवायला शिका. टाकायचं नंतर बघू."

ही कुठली रीत? बास्केटबॉल शिकवायचा आणि बॉलच द्यायचा नाही! गुडघे वाकवा, हात पसरा, खेकड्यासारखं आडवं सरका. मांड्या भरून आल्या तरी सरका. शिट्टी वाजली की वळा आणि मागच्या रिंगकडे धावा. मागच्या रिंगकडे म्हणजे कुठे? स्कूटरच्या आरशांना कोपर लागायचं, कारचा अलार्म बोंबलायचा, आणि शेवटी पिकअपला हात लावून परत. मॅडम ओरडायच्या, "त्या पिकअपसारख्या उभ्या राहू नका! तो एकटाच पुरे आहे!"

मुली हसायच्या. मला हसू येत नव्हतं. पिकअप आमचा होता.

मॅडम जयरामकाकांकडे गेल्या. काका कॉलनीचे अध्यक्ष. ते म्हणाले, "इतकी वर्षं पोरी अर्ध्यात खेळल्या, कुणाची तक्रार नाही. तुम्ही आलात आणि लगेच जागा अपुरी पडली?" मॅडम नानांकडेही गेल्या. नाना तर खवळलेच. "मॅडम, माझी पोरगी बास्केट टाकती. तिला टाकू द्या. पळापळ करायला तिला काय पोलिसात भरती व्हायचंय?"

मी नानांच्याच बाजूने होते. का नसणार? यंदा माझं शेवटचं वर्ष होतं. जिल्ह्याच्या संघात निवड होणार ती यंदाच, पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हते. निवड करणारे सर आमच्या स्पर्धेची फायनल बघून नावं सांगणार होते, आणि बास्केट टाकणारीच निवडतात हे शेंबडं पोरही सांगेल. अशा वेळी ही बाई मला आडवं सरकायला लावते! मी तिला तोंडावर सांगितलं.

"मॅडम, मला अडवायला नाही, टाकायला येतं."

"म्हणून तर तूच अडवायचंस," त्या शांतपणे म्हणाल्या. "फायनलला पोचलो की समोर कॉलेज रोडच असणार. दिशा तुझी. ती पाणी प्यायला गेली तरी तू तिच्यासमोर."

घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. नानांनी मॅडमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पण सवय वाईट असते. सरकता सरकता पाय आपोआप सरकायला लागले. मॅडम म्हणायच्या, समोरचीच्या डोळ्यांकडे बघू नको, डोळे खोटं बोलतात. पोटाकडे बघ, पोट जिथे जातं तिथेच माणूस जातो. आणि खरंच तसं होतं. मॅडमनी शेवटी एक चेंडू बाहेर काढून शुभांगीला दिला. तिला मी एकदा अडवलं, दोनदा अडवलं, मग ती इतकी चिडली की चेंडू आपटून घरी गेली. मला फार बरं वाटलं. असं बरं बास्केट टाकूनही कधी वाटलं नव्हतं, पण हे मी मॅडमना सांगितलं नाही. त्यांना कशाला चढवायचं?

कशाबशा आम्ही फायनलला पोचलो, आणि समोर कॉलेज रोडच. त्या दिवशी नाना पहिल्या रांगेत, अंगात इस्त्रीचा शर्ट. निवड करणारे सर टेबलाशी, समोर चहा. वॉर्म-अपला दिशाचा एकही चेंडू रिंगला लागत नव्हता, सगळे थेट जाळीतून.

मॅच सुरू झाली आणि मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती डावीकडे, मी डावीकडे. ती थांबली, मी थांबले. आमचं बास्केट झालं की टाळ्या द्यायला न थांबता मी वळून धावायचे, आणि ती यायच्या आधी तिच्या वाटेत असायचे. वाटेत पिकअप नव्हता, स्कूटर नव्हत्या. मोकळं मैदान एवढं मोठं असतं हे मला तेव्हा कळलं. दिशाने धक्के दिले, दोनदा तिलाच फाउल मिळाले. हाफ टाइमला तिच्या डोळ्यांत पाणी होतं. स्कोअर इतका कमी की मागची मंडळी जांभया देत होती, आणि नाना "टाक गं, टाक!" ओरडून घसा बसवून घेत होते. मी सबंध मॅचमध्ये एकच बास्केट टाकलं. आम्ही जिंकलो. कॉलेज रोडला आम्ही पहिल्यांदाच हरवलं होतं.

मग ते सर माईकवर आले. आमच्यातून शुभांगीचं नाव घेतलं. ते योग्यच होतं. पुढे म्हणाले, "आणि दिशा. आज तिचा दिवस नव्हता, पण तिची गुणवत्ता आपल्या सगळ्यांना माहीत आहे." टाळ्या झाल्या. सरांनी माईक ठेवला. संपली नावं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती जाताना मला कळली. मी सरळ टेबलापाशी गेले.

"सर, दिशाचा दिवस का नव्हता?"

"होतं असं एखाद्या दिवशी," ते चहाचा कप उचलत म्हणाले. "खिलाडूवृत्ती ठेव, बाळ."

"तिचा दिवस चांगला होता, सर. वॉर्म-अपला तिचं एकही चुकलं नाही. मग मॅच सुरू झाली आणि मी समोर उभी राहिले. तिचा दिवस वाईट नव्हता, मी वाईट केला!"

"बरं. आणि तू स्वतः किती टाकलीस?"

"एक."

टेबलाशी बसलेले दोघे-तिघे हसले. मला वाटलं जमिनीनं दुभंगून त्यांना तरी पोटात घ्यावं. तेवढ्यात मागून दिशा म्हणाली, "सर, ती खरं बोलतेय. मला आज रिंगच दिसली नाही. हीच दिसत होती." सर तिच्याकडे बघून नुसतेच हसले. तिच्यावर चिडायचं मी ठरवलं होतं, तेही मला जमेना.

अलिशा मॅडम माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, गप्प बस म्हणतील. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही मॅच बघत होतात की स्कोअरबोर्ड?"

"मॅडम," सर उठता उठता म्हणाले, "लोक बास्केट बघायला येतात. अडवणं कोण बघतं?"

आणि ते गेले. कपात चहा तसाच होता.

परतताना शुभांगी पुढे बसायला तयार होईना. मी तिला ढकलून बसवलं. नियम म्हणजे नियम. मी मागे क्रेटवर बसले, ट्रॉफी मांडीवर घेऊन, आणि बिटको चौक येईपर्यंत ती रागाने आवळत होते. रडले नाही. त्या माणसासाठी मी रडणार नव्हते. नानांचा आवाज एकदाही मागे ऐकू आला नाही, सिग्नललाही नाही.

कॉलनीत शिरल्यावर पिकअप मैदानाच्या फाटकापाशी थांबला. आत गेलाच नाही. नानांनी तो बाहेर रस्त्याच्या कडेला लावला, खाली उतरले, परत काहीतरी आठवल्यासारखं करून खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबून धरला. जयरामकाका गॅलरीत आले.

"काय कारभारी, काय झालं?"

"गाडी काढा, जयरामभाऊ."

"अहो, सगळ्यांत आधी तुमचीच लागायची ना तिथं?"

"व्हय. म्हणून सगळ्यांत आधी माझीच काढली. आता तुमची काढा. मग त्या स्कूटरवाल्यांकडं जायचंय मला."

काका कठड्यावर रेलले. "पोरीची निवड तर झाली नाही म्हणे. आणि पुढच्या वर्षी वयात बसत नाही ती. आता कशाला पाहिजे तुम्हाला पूर्ण मैदान?"

मी पिकअपमधून उतरता उतरता थबकले. नानांच्या मानेवरची शीर फुगलेली मला मागून दिसत होती.

"त्या सायबाला अर्धाच खेळ दिसतो," नाना म्हणाले. घसा बसलेला, तरी सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात. "मला बी इतकी वर्सं अर्धाच दिसत व्हता, कारण उरलेल्या अर्ध्यावर मी गाडी लावून बसलो व्हतो. माझ्या पोरीचं व्हायचं ते झालं. ह्या बाकीच्या पोरींचं नाय होऊ देणार. काढा गाडी!"