पाणसळ खोटी नव्हती

मी पाणसळ बोलतेय. फरशी सपाट बसली की नाही ते सांगणारी; हातभर लांब, पोटात हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. आज मला गप्प बसवत नाही. माझं एक नातलग माणसाच्या कानात राहतं, हे मला नुकतंच कळलंय.

माझा मालक फरशीमिस्त्री. बायको त्याच्याबरोबरच कामाला; माल कालवते, सांधे भरते. एकवीस वर्षांत त्याने माझ्या शब्दाबाहेर एक लादी बसवली नाही. आणि त्या मंगळवारी माझ्याकडेच बोट दाखवून म्हणाला, "हिचं डोकं फिरलंय."

झालं असं, की तो वाकला आणि खोली गरगरली. फरशी कलंडलेली दिसली. माझा बुडबुडा मात्र दोन रेघांच्या मधोमध. त्याने मला खोटं ठरवून चांगल्या बसलेल्या नऊ लाद्या उखडल्या. पुन्हा बसवल्या, पुन्हा वाकला, पुन्हा तेच.

मुकादम दारात उभा होता. "मिस्त्री, सकाळी सकाळीच घेतलीस का? उद्या परांचीवर चढायचंय, तिसऱ्या मजल्यावर. जमत नसेल तर दुसरा बघतो."

"जमेल," मिस्त्री डोळे मिटून म्हणाला.

बायकोने घमेलं खाली ठेवलं. "आधी हिला फिरवून बघा ना. मला तर रोज शिकवता."

पाणसळीचा संशय आला, तर तिला त्याच जागी टोकं उलटी करून ठेवायची. बुडबुडा पुन्हा तिथेच आला तर ती खरी. तिने मला फिरवलं. मी जीव मुठीत धरून बसले. बुडबुडा मधोमध.

"पाणसळ बरोबर, फरशी बरोबर," ती म्हणाली. "आता राहिलं कोण? चला दवाखान्यात."

मी पिशवीतच होते. डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीची मान वळवून त्याला झटकन आडवं केलं, तशी त्याची बुबुळं भराभर हलायला लागली.

"कानाच्या आत द्रव असतो, त्यावरून मेंदूला तोल कळतो," त्या म्हणाल्या. "तिथले बारीक कण जागा सोडून भलत्या नळीत शिरलेत." मग ठरावीक क्रमाने डोकं वळवत त्यांनी ते माघारी धाडले. "पुन्हा झालं तर पुन्हा या. सगळीच चक्कर अशी नसते, हं. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, तर थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. आणि मी सांगेपर्यंत परांची बंद."

पिशवीत मी नाचायचीच बाकी होते. पाण्यावरून तोल ओळखायचा? अहो, ही कानातली तर माझी सख्खी बहीण.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मुकादमाला सगळं सांगितलं. मुकादम म्हणाला, "माझी आई सहा महिने अंथरुणातून उठायला घाबरते. कूस बदलली की घर फिरतं म्हणते. मी म्हणतो, वय झालं, पडून राहा."

मिस्त्रीने लादीच्या तुकड्यावर पेन्सिलीने दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. "आजच ने."

मुकादम तो तुकडा खिशात घालून तसाच निघाला.

तुमच्याही घरात कुणी घर फिरतं म्हणत असेल, तर त्याला वेड्यात काढू नका, वयावर ढकलू नका. त्याला तपासायला घेऊन जा. मी सध्या तळमजल्यावर आहे, मिस्त्रीच्या गुडघ्याशी. तो वाकतो, मला बघतो आणि पुढची लादी उचलतो.