तेल लागलेलं फडकं

लॉन्ड्रीवाल्या बाईंसमोर एखादा डाग टिकला, असं तीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. नेमकं तेच नडलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा गेल्या रविवारी धर्मगुरू झाला. बिशपांनी त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावलं, आणि ते ज्या पांढऱ्या फडक्याने पुसलं, ते रिवाजाप्रमाणे आईच्या हवाली झालं. आईने ते जन्मभर जपायचं आणि शेवटी शवपेटीत सोबत न्यायचं. वर देवाने विचारलं, "काय आणलंस?" तर फडकं पुढे करायचं, की मी तुला एक धर्मगुरू दिला. हे सगळं नणंदेने त्यांना तीनदा समजावलं होतं. नणंदेचं एकदा सांगून कधी भागत नसे.

सोमवारी बाईंनी ते गिऱ्हाइकांपुढे मिरवायला पिशवीत घालून दुकानात आणलं आणि टेबलावर ठेवलं. शेजारी कपड्यांचा ढीग. थोड्या वेळाने हाताला एक पांढरं फडकं लागलं, तेलाचे डाग पडलेलं. मग हातच चालले: खडूची पूड, कोमट पाणी, साबण, खळ, इस्त्री. घडी घालताना कोपऱ्यावर भरलेला क्रूस दिसला आणि बाईंना कळलं, हे तर बिशपांनी दिलेलं फडकं.

खोटं कशाला बोला, आधी त्यांनी खाण्याच्या तेलाचे दोन थेंब टाकून पाहिले. पण त्याला तळणीचा वास यायला लागला. तळणीचा वास घेऊन देवासमोर उभं राहायचं म्हणजे अतीच होतं. पुन्हा धुतलं.

रविवारी नणंद फडकं बघायला येणार होती. त्याआधी शनिवारी नवा फादर, म्हणजे त्यांचाच मुलगा, चर्चमध्ये पहिल्यांदा लोकांच्या पापांची कबुली ऐकायला बसणार होता. बाईंनी विचार केला, कबुलीत ऐकलेलं फादरला मरेपर्यंत बाहेर बोलता येत नाही. म्हणजे पोराच्या कानावर घातल्यासारखं होईल आणि नणंदेपर्यंत काही जाणार नाही. एका दगडात दोन पक्षी. शनिवारी त्या रांगेत पहिल्या होत्या.

"फादर," जाळीपाशी गुडघे टेकून त्या म्हणाल्या, "माझ्या हातून पाप झालं. मी फडकं धुतलं."

पलीकडून खोकला.

"धुणं हे पाप नाही."

"ते तुझ्या, म्हणजे तुमच्या हाताचं होतं. सगळं तेल गेलं. परत लावून मिळेल का?"

"नाही. ते एकदाच लावतात."

"मग ते धुतलं गेलं, त्याचं काय?"

"कापडावरचं गेलं. माझ्यावरचं जात नाही. उद्या मी सगळं सोडून पळून गेलो, तरी जायचं नाही."

हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट जे सांगायला बाई आल्याच नव्हत्या, ते तोंडून निघून गेलं.

"माझा मुलगा फादर व्हायला गेला ना, तेव्हापासून आठ वर्षं मी रोज जपमाळ केली. लोकांना वाटायचं, त्याचं नीट पार पडावं म्हणून करते. मी मागायचे, की त्याला ते जमू नये. त्याने घरी यावं, लग्न करावं, दुकान बघावं. आता मला कळत नाही, ते डाग मी नजरचुकीने धुतले की मनापासून."

जाळीतून श्वास ऐकू येत होता. लहानपणी रडू दाबताना तो असाच श्वास घ्यायचा. आता हा 'आई' म्हणेल, म्हणून बाई थांबल्या. तो तसं म्हणाला असता, तर त्यांनी त्याला तिथल्या तिथे परत घरी नेलं असतं, निदान मनातल्या मनात तरी.

तो म्हणाला नाही. देव तुमच्यावर रागावलेला नाही, एवढंच तो कापऱ्या आवाजात बोलला. त्या मुलासाठी एकदा प्रार्थना करा, या वेळी खरी, असंही म्हणाला. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्याने क्षमा दिली. ज्याला त्यांनी बोलायला शिकवलं, तो आता देवाच्या वतीने बोलत होता, आणि आईसाठी त्यातला एक शब्दही इकडचा तिकडे करत नव्हता. बाईंना ते फार लागलं. पण आठ वर्षांचं ओझंही खरोखरच उतरलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा रांगेतल्या शिंपीणबाई कुजबुजल्या, "कसा आहे हो नवा फादर?"

बाईंनी डोळे पुसले.

"चांगला आहे. आईलासुद्धा ओळख दाखवली नाही त्याने. जा तुम्ही."