मुक्या अक्षरांची हजेरी

"क्-नो-व्-ले-द-गे," ती म्हणाली आणि भिंगकाकांनी पेन्सिलीने टिंब दिलं. टिंब कागदावर पडलं नाही. कागदापासून चार बोटं लांब, टेबलावर पडलं.

तिने ते पाहिलं आणि पुढची ओळ घेतली.

छापखान्याच्या या मागच्या खोलीत प्रूफ तपासायची रीतच अशी होती. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रूफच्या ओळीवर नजर ठेवायची आणि ओळ बरोबर असली की टिंब द्यायचं. इंग्रजी मजकूर असला तर तो लोक बोलतात तसा नाही, लिहिलाय तसा वाचायचा, एकूण एक अक्षराला आवाज देत. कारण या भाषेतल्या अक्षरांचा काही भरवसा नाही. शब्दात ठाण मांडून बसतात आणि हाक मारली की ओ देत नाहीत.

"मुक्यांची हजेरी आपण घ्यायची," काका म्हणत. "एखादा न सांगता घरी गेला, तर बोल आपल्याला लागतो."

ती अठरा वर्षांपूर्वी इथे आली ती छापील कागदांच्या घड्या घालायला. म्हणून सगळे तिला घडीवाली म्हणत. शाळा पाचवीतच सुटलेली. एका दुपारी वाचणारा माणूस आला नाही, तेव्हा काकांनी तिला बोलावलं.

"तुझा आवाज खणखणीत आहे. बस, वाच."

"मला अक्षरं लागतात काका, पण इंग्रजी येत नाही."

"उत्तम. ज्यांना येतं ते अक्षरं गिळतात."

तेव्हापासून तिला हजारो शब्द तोंडपाठ झाले, आणि त्यातला एकही चारचौघांत काढायची सोय राहिली नाही. एकदा तिने एका गिऱ्हाइकाला 'वेड-नेस-डेला या' असं सांगितलं. तो गल्ल्याला टेकून पोट धरधरून हसला. शब्द घरीही घेऊन गेला असणार, कारण पुढच्या खेपेला त्याची बायको बरोबर आली होती.

दोन वर्षांपूर्वी काकांना भिंगातूनही दिसेनासं झालं. मालकाला कळलं असतं, तर त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं असतं. तिने काही न विचारता मूळ प्रत बाजूला ठेवली आणि प्रूफच वाचायला घेतलं. ती वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. अक्षर कमी पडलं की पेन्सिल थांबायची. खोलीबाहेर आवाज तोच, टिंबांची टकटक तीच. मूळ प्रतीशी ताळा ती नंतर एकटीच करायची आणि संध्याकाळी टेबलावरची टिंबं रबराने खोडायची.

आज काकांचा शेवटचा दिवस होता. चार वाजता निरोप द्यायचा होता. मालकाने इंग्रजीत मानपत्र छापून घेतलं होतं आणि ते वाचायला तिला सांगितलं होतं. निदान काकांच्या मानपत्राचं तरी हसं होऊ नये, म्हणून आठ दिवस ती स्वयंपाकघरात लेकीसमोर बसली होती.

"आई, नॉलेज म्हण. के मुका आहे."

"मुका आहे, तर दारात उभा कशाला करतात त्याला?"

"शोभेला. आणि हे कॉलीग. शेवटचं यू-ई सोडून दे."

"सोडते बाई. माझ्या बापाचं काय जातंय?"

पोळी करताना, कपडे वाळत घालताना ती कॉलीग, कॉलीग पुटपुटत राहिली.

चारला खोली भरली. बांधणीवाले आले, यंत्रावरचे आले, चार जुनी गिऱ्हाइकं आली. त्यांत तो गल्ल्याला टेकणाराही होता. घाईत टेबल पुसायचं राहून गेलं. काका आपल्या खुर्चीवर बसले, मानपत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि ती शेजारी उभी राहून वाचायला लागली. नॉलेज. ऑनेस्ट. कॉलीग. एकदाही अडखळली नाही. ज्यांच्या डोळ्यांतून एकही चूक सुटली नाही, अशा अर्थाचं वाक्य आलं तिथे फक्त तिचा आवाज जरा खाली गेला.

टाळ्या पडल्या. "वा! घडीवाली तर मडमेसारखी बोलली की," ते गिऱ्हाईक म्हणालं. तिने पदराने ओठांवरचा घाम टिपला. जिंकली होती.

काकांचा हात मानपत्रावरून फिरत होता.

"छान वाचलंस गं," ते म्हणाले. "आता आपलं वाच."

"काका, सगळे आहेत."

"असू देत. तू असं वाचलंस, तर मला कसं दिसायचं?"

खोलीत कुणाला काही उमगलं नाही. तिला मात्र उमगलं. तिने काकांच्या खिशातून पेन्सिल काढली, ती त्यांच्या बोटांत दिली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"क्-नो-व्-ले-द-गे," ती खणखणीत म्हणाली.

गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. मालकही हसत काही बोलणार होता. तेवढ्यात टेबलावर टेकलेल्या आपल्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं. बोटांच्या आजूबाजूला टिंबं होती. आजची काळी, त्याखाली खोडलेली पुसट, त्याखाली आणखी पुसट. त्याने वर काकांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग हात उचलून हसणाऱ्याला गप्प केलं.

"हो-ने-स्त. को-ल्ले-अ-गु-ए."

प्रत्येक ओळीला टिंब पडत होतं. काकांच्या मिटल्या डोळ्यांसमोर के उभा होता, एच उभा होता, यू-ई शेवटच्या बाकावर बसले होते. सगळे हजर.

"ए-येस," डोळ्यांच्या 'आईज'पाशी येऊन ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू फुटलं.

शेवटच्या ओळीला पेन्सिल पुन्हा कागदाबाहेर निघाली. तिने वाचणं न थांबवता मानपत्र त्या टोकाखाली सरकवलं.