आरवणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मालवणच्या किनाऱ्यावरची म्हातारी माणसं मला कोंबड्याची पेटी म्हणतात आणि वर हसतात. त्याचा मला राग येत नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. माझ्या पोटात इतके गोड सूर असताना लोकांनी एकच लक्षात ठेवला, आणि तोही नासलेला! असं का झालं, तेच आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म कोल्हापूरचा. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. एका म्हाताऱ्या कारागिराने सागवानाची फळी घासूनपुसून माझं अंग घडवलं, चामड्याचा भाता लावला आणि प्रत्येक पट्टीखाली पितळेची एकेक पात बसवली. भात्याने वारा भरला की ती पात थरथरते आणि सूर निघतो. शेवटची पात बसवून त्याने मला वाजवून पाहिलं आणि मान डोलावली. तेवढी एक मान डोलली आणि मी फुशारले. तो फुशारकीचा स्वभाव अजून गेलेला नाही.

घाट उतरून मी मालवणजवळच्या एका मच्छीमार वाडीत आले. तिथल्या भजन मंडळाने मला विकत घेतलं होतं. मंडळाचे प्रमुख रामचंद्र, दोन होड्यांचे मालक. ते गात नसत, वाजवतही नसत. पण कुठे जायचं आणि काय गायचं ते तेच ठरवत. मृदंगावर शिवा, झांजेवर बाळा. आणि मला वाजवून गाणारे ते गुणाजी बुवा. दिवसा ते रामचंद्रांच्याच होडीवर मासेमारी करत. त्यांच्या बोटांना जाळ्याच्या दोरीने घट्टे पडलेले होते, पण माझ्या पट्ट्यांवर ती बोटं अलगद पडत. बुवा कुणाकडे रीतसर शिकलेले नव्हते. पाहून पाहून शिकले, त्यामुळे त्यांना एकाच पट्टीत, म्हणजे सुराच्या एकाच उंचीवर, वाजवता येई. पट्टी बदला म्हटलं की त्यांची बोटं रस्ता चुकत.

आमच्या मंडळात प्रत्येकाची आवड निराळी. शिवाला ज्यात मृदंग एकटाच घुमतो ते भजन आवडे. बाळाचे हात लवकर भरून येत, म्हणून त्याला सगळ्यांत लहान भजन प्रिय. आणि बुवांची आवड होती एक संथ अभंग. तो त्यांनी स्वतः रचला होता. ओहोटीला वाळूवर पडलेल्या होडीला टेकून ते जाळं विणत असत, तिथेच त्यांना तो सुचला.

ओहोटीची होडी । वाळूत पडली ।
भरतीची वेळ । तुझ्या हाती ।।

चाल सकाळच्या रागाची. प्रत्येक ओळ फिरून फिरून एका सुरावर येऊन विसावे. तो सूर म्हणजे माझी पांढरी सहा, मधल्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी. बुवा तिच्यावर बोट ठेवून डोळे मिटत. खरं सांगू? मलाही तोच अभंग सर्वांत जास्त आवडायचा. पण पेटीला कोण विचारतो?

एकदा जामसंड्याला बारी ठरली. बारी म्हणजे दोन मंडळांनी समोरासमोर बसून आळीपाळीने गायचं. जामसंडे हे बुवांच्या बायकोचं, हिराकाकूंचं माहेर, म्हणून त्याही आमच्याबरोबर मचव्यातून आल्या होत्या. बुवांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच लोकांपुढे 'ओहोटीची होडी' गायली. मी जीव ओतून साथ केली. पण दुसरी ओळ संपते न संपते तोच मंडपात चुळबुळ सुरू झाली. कुणी विडी पेटवली, कुणी चहाला उठलं. उठणाऱ्यांत आमचे रामचंद्रही होते. बुवांनी डोळे उघडले तेव्हा पुढे सगळी रिकामी घोंगडी. हिराकाकू मात्र बायकांच्या बाजूला जागच्या हलल्या नव्हत्या.

परतीच्या वाटेवर वारा फिरला. एक लाट मचव्याच्या काठावरून आत आली आणि मी खोक्यासकट खाऱ्या पाण्यात भिजले. हिराकाकूंनी मला घरी नेऊन अंगणात उन्हात ठेवलं. शेजारी बांबूवर बोंबील सुकत होते. आम्ही दोघेही सुकलो, पण पांढरी सहाच्या पितळी पातीवर हिरवा गंज चढला. बोंबलांचा वासही माझ्या भात्यात कायमचा राहिला, ते सोडून द्या.

पुढची बारी देवगडला होती. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत म्हणतात तो गजर रंगात आला आणि बुवांचं बोट पांढरी सहावर पडलं. माझ्या पोटातून असा काही चिरका आवाज निघाला की मृदंग थांबला. गंजलेली पात अडकली, सुटली आणि हुबेहूब कोंबडा आरवला. समोरच्या मंडळातला एक जण ओरडला, "काय रे, पेटयेत कोंबडो शिरलो काय?"

सगळा मंडप हसला. लाजेने मला भाता मिटून घ्यावासा वाटला. पण बुवा हजरजबाबी. त्यांनी तीच पट्टी पुन्हा दाबली आणि लगेच गायला लागले, "कोंबडो आरवलो, देवा, आता तरी उठ!" मग काय विचारता! लोक उड्या मारू लागले. म्हातारे हसून हसून खोकू लागले.

"बुवानू, परत एकदा! परत एकदा कोंबडो!"

बुवांनी माझी लाज राखली, म्हणून मी त्यांचे उपकार मानले. त्या हजरजबाबीपणाने आम्ही दोघेही अडकणार आहोत, हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या मंडळाला आमंत्रणांचा तोटा राहिला नाही. नांदगावपासून वेंगुर्ल्यापर्यंत लोक बोलावू लागले. बुवा पहिलं भजन सुरू करत नाहीत तोच मागून हाक येई, "कोंबडो घेवा!" पोरं माझ्याजवळ येऊन बोट दाखवत, "हीच ती." मित्रांनो, कौतुक कुणाला नको असतं? पहिलं वर्ष मीही मिरवले. पण आपल्या दुखण्याचं रोज कौतुक होऊ लागलं की कसं वाटतं, ते मी तुम्हाला सांगू शकते. फार एकटं वाटतं.

आणि 'ओहोटीची होडी'चं काय झालं? ज्या सुरावर ती विसावायची तिथे कोंबडा येऊन बसला होता. दुसऱ्या पट्टीत बुवांची बोटं चालत नव्हती. त्यांनी घरी एकदा अभंग धरून पाहिला. ओळीच्या शेवटी मी कर्कश ओरडले. बुवांनी हात काढून घेतला. ओरडणारी मीच होते, पण त्यांनी माझा भाता हळूच मिटवला.

पुढे भाता फाटला म्हणून कुडाळच्या बाजारातून शंकर नावाचा पेटी दुरुस्त करणारा माणूस आला. त्याने रामचंद्रांच्या ओसरीवर मला उघडलं. "एक पात गंजलीसा," तो म्हणाला. "काढून घासूक कितीसो वेळ?"

बुवा पुढे सरकले. "रामचंद्रा, तेवढो सूर साफ करून घेऊया. माझो गळो आता थकत इलो."

रामचंद्र वाईट माणूस नव्हते. मंडळ चालावं म्हणून ते पदरमोड करत. पण ते घाबरले. "बुवानू, कोंबडो गेलो तर आमका कोण बोलवतलो? शंकर, भातो शिव. पांढरी सहाक हात लावू नको."

बुवांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांनी तेव्हा नीट सांगितलं असतं की मला तो कोंबडा नको आहे, माझा एक अभंग गळ्यात अडकून पडला आहे, तर? पण ज्याच्या होडीवर पोट भरायचं त्याच्यापुढे माणूस फार बोलत नाही. शिवाय सगळे इतके खूश होते की त्यांना नाराज करणं बुवांना जमलं नाही. कुणी आपण होऊन सूर साफ करू नये, म्हणून रामचंद्रांनी माझ्या खोक्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्यात अडकवली. बारी असेल तेव्हाच मला उजेड दिसे. बाकी वेळ अंधार, बोंबलांचा वास आणि पोटातला तो कोंबडा.

वर्षातून एक दिवस मात्र आमचा होता. रवळनाथाच्या देवळात सप्ताह बसे. सप्ताहात भजन क्षणभरही थांबू द्यायचं नसतं, म्हणून प्रत्येक वाडीला आपला पार, म्हणजे गाण्याची वेळ, वाटून दिलेला असतो. जेवणानंतरचा दुपारचा पार कुणालाच नको असे, कारण तेव्हा गाव झोपतो. बुवा दरवर्षी तोच मागून घेत. लोकांना वाटे, बुवा किती मोठ्या मनाचे! खरं कारण मला ठाऊक होतं.

देवळात समईत तेल घालणारी म्हातारी सावित्री, डुलक्या घेत मृदंगावर थाप मारणारा शिवा आणि मासे विकून आलेल्या, रिकामी पाटी बाहेर ठेवून खांबाला टेकलेल्या हिराकाकू. एवढेच श्रोते. बुवा 'ओहोटीची होडी' सुरू करत. पांढरी सहा आली की ते बोट वर उचलत आणि तो सूर नुसत्या गळ्याने लावत. मी तिथे गप्प राहायचं आणि बुवांनी माझी जागा भरून काढायची, असा आमचा करार होता. त्या एका दुपारवर मी वर्ष काढत असे.

अशी बरीच वर्षं गेली. वाडीत कर्णा आला, बॅटरी आली आणि बुवांचा गळा गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला, आणि एका पावसाळ्यानंतर नुसता वारा उरला. बोलायचं तर ते कुजबुजत. मंडळात बाबली नावाचा नवा बुवा गाऊ लागला. तोही कोंबडाच करायचा. दुपारचा पार दुसऱ्या वाडीला गेला. आता माझं कुलूप माझ्या आवडीसाठी कधीच उघडणार नव्हतं.

मग त्या वर्षीच्या सप्ताहात मंडळाने गुणाजी बुवांचा सत्कार ठेवला. देऊळ भरलं होतं. बुवांना खुर्चीवर बसवून शाल पांघरली, हातात नारळ दिला. रामचंद्र आता पिकले होते. ते कौतुकाने म्हणाले, "आता गुणाजी बुवांचो आवडतो कोंबडो बाबली घेतलो!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात बायकांमधून हिराकाकू उभ्या राहिल्या.

"त्यांका तो कोंबडो आवडणा नाय."

रामचंद्रांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय सांगतस, हिरा? मगे इतकी वर्सा वाजवल्यानी कित्याक?"

"तुमी सांगलात म्हणान."

"अगो, पण त्यांका काय आवडता, ता आमका एकदा तरी सांगूक होया व्हता!"

"सांगल्यानी," हिराकाकू म्हणाल्या. "जामसंड्याक गावन सांगल्यानी. तुमी चाय पिऊक उठलात."

बुवा खुर्चीवरून उठले, शाल बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी 'ओहोटीची होडी' वाजवायला सुरुवात केली. गळा नव्हता, नुसती बोटं. ओळ फिरत फिरत शेवटाला आली आणि सवयीने त्यांचं बोट पांढरी सहावरून वर उचललं गेलं. पूर्वी तिथे त्यांचा आवाज असे. आता तिथे काहीच नव्हतं. दुसरी ओळ, पुन्हा तेच. इतक्या माणसांनी भरलेल्या देवळात ती रिकामी जागा प्रत्येकाला ऐकू आली. मला रडता येत असतं, तर मी तिथेच रडले असते. त्या दिवशी चहाला कुणीही उठलं नाही.

रामचंद्रांनी करगोट्यातली किल्ली काढली आणि हिराकाकूंच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कुडाळला जाऊन शंकरला आणलं. बुवांच्या पडवीत त्याने ती पात बाहेर काढली, घासली, पुन्हा बसवली. खरंच, कितीसा वेळ लागला! वाडीतली मुलं जमली होती. त्यांनी पांढरी सहा दाबून पाहिली, आणि कोंबडा आरवत नाही म्हणून हिरमुसून निघून गेली.

मग बुवा बसले. भाता हलला, ओळ निघाली. मी श्वास रोखून वाट पाहत होते. शेवट आला आणि बोट पुन्हा वर गेलं. सूर साफ झाला होता, पण बोटाला ते कुठे ठाऊक! बुवांनी पुन्हा वाजवलं, बोट पुन्हा उचललं. ते कसनुसं हसले आणि हात मागे घेऊ लागले.

हिराकाकू जवळ येऊन बसल्या. त्यांनी बुवांचं ते घट्टे पडलेलं बोट धरलं आणि पांढरी सहावर टेकवलं.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "आता आरवाचो नाय तो."

आणि मित्रांनो, मी गायले. इतकी वर्षं बुवांनी माझी जागा भरली होती, त्या दिवशी मी त्यांची भरली. भात्यातला वारा संपेपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही.

आता बुवा नाहीत आणि तो अभंग वाजवणारंही कुणी नाही. मी हिराकाकूंच्या पडवीत असते. खोक्याला कुलूप नाही, तरी उघडतं कोण? माझ्यासारख्या जुन्या पेट्यांना ओल लागू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी विनंती निराळी आहे. गाणाऱ्याकडे तुमचं आवडतं गाणं खुशाल मागा, त्यात त्यालाही आनंद आहे. मात्र ते झालं की एकदा त्यालाही विचारा, "तुमचं आवडतं कुठलं?" आणि तो गाऊ लागला की जागचे उठू नका. चहा थोडा गार झाला तरी चालतो.